पुळणीवरचा लव्हाळा आणि कपाटातला कागद : आपल्या किनाऱ्यावर पूर्वी काय उगवत होतं, ते कसं शोधायचं?

"इथं वाळूची टेकडी कधी नव्हतीच," असं उद्या कुणी म्हटलं तर गावाकडे उत्तर काय? म्हाताऱ्या माणसांना आठवतं. रापण ओढणाऱ्यांना आठवतं. पण आठवण कागदावर नसते आणि सरकारी कामात कागद लागतो. जमिनीचा सातबारा निघतो, माणसाचा जन्माचा दाखला निघतो. पुळणीवर उगवणाऱ्या झाडझुडपाचा असा काही दाखला असतो का?

असतो. त्याला हर्बेरियमचा नमुना म्हणतात. दाबून वाळवलेलं झाड, जाड कागदावर चिकटवलेलं, कोपऱ्यात एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. असे कागद मुंबई, पुणे, हावडा इथल्या कपाटांत आहेत आणि सातासमुद्रापार लंडनलाही आहेत. त्यातले बरेचसे आता मोबाइलवर बघता येतात. देवगड, मालवण, वेंगुर्ला या किनारी तालुक्यांतल्या लोकांना त्याचा उपयोग काय, हे पुळणीवरच्या एका साध्या लव्हाळ्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

कोण हा लव्हाळा?

शेतकऱ्याला लव्हाळा वेगळा सांगायला नको. भातात, भाजीच्या वाफ्यात, माडाच्या आळ्यात नागरमोथा शिरला की उपटून उपटून कंबर मोडते. वरचं पातं हातात येतं आणि खालची गाठ जमिनीतच राहते. आठ दिवसांनी परत हिरवं. जगातल्या सगळ्यात चिवट तणांत त्याची गणना होते.

याच कुळातला एक भाऊ समुद्राच्या वाळूत राहतो. त्याचं शास्त्रीय नाव सायपेरस अरेनॅरियस. लॅटिन भाषेत 'अरेना' म्हणजे वाळू, म्हणून हे नाव. स्वीडनमधले वनस्पतिशास्त्रज्ञ रेट्झियस यांनी १७८६ साली ते दिलं. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर हा लव्हाळा वाळूत उगवतो. गंमत म्हणजे राजस्थानच्या वाळवंटातही तो आहे. वाळू असली की त्याला पुरे.

ओळखायचा कसा? वाळूतून वीतभर उंचीचे ताठ, बारीक दांडे ओळीने वर आलेले दिसतात. ओळीने का, तर खाली वाळूत एक लांब आडवं खोड पळत असतं आणि त्यालाच ठरावीक अंतरावर कोंब फुटतात. दांड्याच्या टोकाला तपकिरी तुऱ्यांचा एकच गोळा असतो आणि त्या गोळ्याच्या वर एक पातं असं उभं राहतं की दांडाच पुढे वाढलाय असं वाटावं.

गवत आणि लव्हाळा यात घोळ होतो. साधी खूण अशी. गवताच्या काडीला पेरं असतात आणि ती बहुधा आतून पोकळ असते. लव्हाळ्याच्या दांड्याला पेरं दिसत नाहीत, तो आतून भरीव असतो आणि बहुतेक जातींत बोटांत फिरवला की तीन धारा लागतात. पुळणीवरच्या या जातीत मात्र धारा बोथट असतात, त्यामुळे दांडा जवळजवळ गोलच वाटतो.

नम्रपणा सांगताना तुकोबांनी लव्हाळ्याचा दाखला दिला, तो आपल्या कीर्तनात ऐकलेला असतो. पण पुळणीवरचा लव्हाळा फक्त वाकून तगत नाही, तो काम करतो. वारा वाळू आणून टाकतो, लव्हाळा आणि मर्यादवेल ती अडवतात. वाळू चढली की लव्हाळ्याचा कोंब तिच्यातून वर येतो. पुन्हा वाळू, पुन्हा कोंब. असं वर्षानुवर्षं होत गेलं की किनाऱ्याला समांतर वाळूचा एक उंचवटा तयार होतो. उधाणाच्या लाटेची पहिली धडक तो घेतो. त्याच्या मागं केवडा, मग माड, मग घर.

ही झाडं गेली की उंचवटा मोकळा पडतो. गाड्या पुळणीवर घातल्या, सपाटीकरणासाठी जेसीबी फिरवला, वाळू उपसली की आधी हीच बारकी झाडं जातात. माड पडला तर सगळ्यांना दिसतो. लव्हाळा गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तो पूर्वी होता की नव्हता, याची नोंद महत्त्वाची.

हर्बेरियम म्हणजे नेमकं काय?

शाळेत वहीत पिंपळाचं पान दाबून ठेवायचो, तीच युक्ती. सोळाव्या शतकात इटलीत लुका घिनी नावाचे वैद्यकीचे प्राध्यापक होते. झाडं दाबून वाळवून कागदाला चिकटवायची पद्धत त्यांनी रूढ केली असं मानतात. आज जगात अशी तीन हजारांहून जास्त संग्रहालयं आहेत आणि त्यांत सगळे मिळून ३९ कोटींच्या आसपास नमुने आहेत. लंडनजवळच्या क्यू इथल्या एकट्या संग्रहात ७० लाखांच्या आसपास आहेत. आपल्या देशात सगळ्यात मोठा संग्रह हावड्याला, वीस लाखांच्या घरातला.

आपल्या जवळचं बघायचं तर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडहून आलेले पाद्री, त्यांनी १९०६ च्या सुमारास ते उभं केलं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, तिथला संग्रह महाराष्ट्रासाठी महत्त्वाचा. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आहे. ज्यांचं नाव या संस्थेला दिलं ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे आपल्या मालवणचे, जन्म १८८४ चा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही संग्रह आहे.

एका कागदावर काय काय असतं?

कागद साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाहून थोडा मोठा. त्यावर झाड मुळासकट, फुलासकट चिकटवलेलं किंवा दोऱ्यानं टाचलेलं. चांगल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर या गोष्टी असतात :

१) शास्त्रीय नाव आणि कुळ.
२) ठिकाण. गाव, तालुका, जिल्हा, जमलं तर वाडीसुद्धा.
३) तारीख.
४) जागा कशी होती. वाळू, खाजण, खडक, भरतीच्या रेषेपासून किती लांब.
५) झाडाचं वर्णन. उंची, फुलाचा रंग, भरपूर होतं की एखाददुसरं. वाळल्यावर रंग जातो, म्हणून तो लिहावाच लागतो.
६) स्थानिक नाव आणि उपयोग.
७) गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक.

यातल्या दोन गोष्टी सगळ्यात मोलाच्या, ठिकाण आणि तारीख. नाव चुकलं तर पुढचा माणूस झाड बघून दुरुस्त करू शकतो, कारण झाड समोरच असतं. फोटो किंवा नुसत्या यादीपेक्षा नमुना मोठा मानतात तो याच कारणानं. पण ठिकाण लिहायचं राहिलं तर ते मागाहून कुणालाच भरता येत नाही.

कागदावर कधी कधी दोन-तीन चिठ्ठ्या दिसतात. नंतर आलेल्या तज्ज्ञाला नाव पटलं नाही, तर तो जुनी चिठ्ठी काढत नाही. शेजारी आपली नवी चिकटवतो, खाली सही आणि साल. फेरफारासारखंच समजा, जुनी नोंद खोडायची नाही, नवी खाली चढवायची.

'मलबार, कोंकण, वगैरे'

आता अडचणी बघू, कारण जुना कागद मिळाला म्हणजे काम झालं असं नाही.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात झाडं गोळा करणाऱ्यांत दोन नावं होती. एक डॉक्टर स्टॉक्स आणि दुसरे सनदी नोकर लॉ. त्यांचे नमुने इंग्लंडला गेले. तिथं हूकर आणि थॉमसन यांनी ते इतरांच्या नमुन्यांबरोबर वेगवेगळ्या संस्थांना वाटले. वाटताना छापील चिठ्ठी लावली. तिच्यावर ठिकाण म्हणून लिहिलं होतं, 'मलबार, कोंकण, वगैरे' आणि गोळा करणारे 'स्टॉक्स, लॉ, वगैरे'. अशा चिठ्ठीचे नमुने आजही मोठ्या संग्रहांत आहेत. झाड अस्सल आहे, पण ते केरळातलं की डहाणूचं की मालवणचं हे आज कुणीच सांगू शकत नाही. त्या एका 'वगैरे'नं पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा पुरावा अर्धा वाया घालवला.

दुसरी अडचण जिल्ह्याची. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ला सगळं रत्नागिरी जिल्ह्यात. म्हणजे १९६० सालचा वेंगुर्ल्याचा नमुना शोधायचा तर जिल्हा रत्नागिरी धरूनच शोधावा लागतो. स्वातंत्र्यापूर्वी सावंतवाडी संस्थान होतं, त्या भागाच्या चिठ्ठीवर संस्थानाचंच नाव असू शकतं. इंग्रजीत गावांची स्पेलिंगही वेगळी. वेंगुर्ल्याला जुन्या कागदात 'व्हिंगोर्ला' म्हटलेलं आढळतं. आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर ते सापडणार नाही आणि आपण म्हणणार, नोंदच नाही.

तिसरी अडचण नावाची. झाडांची शास्त्रीय नावं अभ्यासाप्रमाणे बदलतात. लव्हाळ्याच्या कुळात तर फारच. खाऱ्या दलदलीतल्या एका लव्हाळ्याला लिनिअस यांनी १७५३ साली 'सर्पस मॅरिटिमस' म्हटलं, आज त्याला 'बोल्बोशिनस मॅरिटिमस' म्हणतात. उष्ण देशांच्या किनाऱ्यावर वाळूत उगवणारी एक जात पूर्वी 'रेमिरिया मॅरिटिमा' होती, आता ती 'सायपेरस पेडंक्युलॅटस' झाली. पुळणीवरच्या आपल्या लव्हाळ्यालाही दिसायला जवळची एक वाळवंटी जात आहे, सायपेरस कॉन्ग्लोमेरॅटस, त्यामुळे ओळखण्यात गफलत होऊ शकते. म्हणून एक नाव टाकून शोध थांबवू नये, जुनी नावंही टाकून बघावीत.

नोंद नाही म्हणजे झाड नव्हतं, असं नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथंच गावाची फसगत होऊ शकते.

झाडं गोळा करणारा माणूस कुठं जातो? जिथं रस्ता आहे, राहायची सोय आहे, कॉलेजची सहल जाते, तिथं. त्यामुळे काही ठिकाणचे नमुने पुष्कळ आणि शेजारच्या गावचा एकही नाही, असं होतं. कधी जातो? बहुधा पावसाळा संपल्यावर, सुट्टीत. काय उचलतो? फुलं सुंदर, ते आधी. लव्हाळे ओळखायला किचकट. भिंगाखाली बारीक दाणा बघितल्याशिवाय जात ठरत नाही. म्हणून अनेक जण लव्हाळा बघून पुढं जातात.

तेव्हा कागद असेल तर 'त्या दिवशी त्या जागी ते झाड होतं' एवढं पक्कं. कागद नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. 'अहवालात तुमच्या किनाऱ्यावर या झाडाची नोंद नाही' असं कुणी सांगितलं तर उलट विचारावं, तिथं शोधायला कोण गेलं होतं आणि कोणत्या महिन्यात?

अमेरिकेतला एक लव्हाळा

कागदावरची तारीख केवढी कामाची असते, याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेत आहे. जपान, कोरिया, चीनच्या किनाऱ्यावर वाळूत वाढणारा एक लव्हाळा आहे, केरेक्स कोबोमुगी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तो मूळचा नाही. न्यू जर्सी राज्यात आयलंड बीच नावाच्या किनाऱ्यावर तो १९२९ साली सापडला. त्या देशातली ही पहिली पक्की नोंद म्हणून आजही तेच साल सांगतात. जहाजातल्या सामानाबरोबर तो आला असावा असा अंदाज आहे.

हा लव्हाळा वाळू छान धरतो असं दिसल्यावर वादळानं खचलेले उंचवटे सावरायला तो पुढे मुद्दाम लावलासुद्धा गेला. नंतर लक्षात आलं की तो दाट पसरतो आणि तिथल्या मूळच्या किनारी गवताला हुसकावून लावतो. मग लावलेलाच लव्हाळा उपटायची मोहीम हाती घ्यावी लागली. कुठल्या साली कुठल्या किनाऱ्यावर तो होता, याच्या जुन्या नोंदी नसत्या तर हा पाहुणा की घरचा, यावरच वाद चालला असता.

आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे. किनारा खचतोय म्हणून बाहेरून काहीतरी आणून लावण्याआधी आपल्या पुळणीवर मूळचं काय होतं ते बघावं. आपल्याकडे वाळू धरणारी झाडं आहेत. त्यांना जागा दिली, वरून गाड्या नेल्या नाहीत तर ती फुकटात काम करतात.

आपल्या जिल्ह्याचं काय?

कार्ली खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावाला वाळूची किंमत सांगायला नको. समुद्र पुढं आला की दगडी बंधाऱ्याची मागणी होते आणि ती रास्त असते, घर वाचवायचं असतं. पण जिथं वाळूचा उंचवटा अजून शाबूत आहे तिथं तो राखणं हे बंधाऱ्यापेक्षा स्वस्त पडतं.

कायदाही इथं गावाच्या बाजूनं आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या, खारी दलदल, कासवांची अंडी घालायची जागा या सर्वांत संवेदनशील गटात धरल्या आहेत. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी घ्यायचे असतात. म्हणजे तक्रार कुठं न्यायची तो दरवाजा आहे. तिथं नुसतं 'पूर्वी इथं टेकडी होती' म्हणण्यापेक्षा 'अमुक साली अमुक पुळणीवरून गोळा केलेले वाळूतल्या झाडांचे नमुने पुण्यात आहेत, हे त्यांचे क्रमांक' असं सांगितलं तर बोलण्याला वजन येतं. एकट्या नमुन्यावर निकाल लागत नाही, हेही ध्यानात ठेवावं. जुना नकाशा, उपग्रहाचे फोटो, म्हाताऱ्यांचे जबाब यांच्या जोडीला तो एक पुरावा.

दुसरी जागा ग्रामपंचायत. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. ती एकदा मागून बघा. आंबा, काजू, कोकम, माड लिहिलेले असतील. पुळणीवरची झाडं, खाजणातली झाडं त्यात आहेत का? नसतील तर ग्रामसभेत सांगून भर घालता येते. नावासमोर नमुन्याचा क्रमांक असला तर ती नोंद पक्की.

आपल्या भागातल्या झाडांवर पुस्तकंही आहेत. बी. जी. कुलकर्णी यांचं 'फ्लोरा ऑफ सिंधुदुर्ग' वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं १९८८ साली काढलं. एस. एम. अल्मेडा यांचं 'फ्लोरा ऑफ सावंतवाडी' आहे. अशा पुस्तकांत झाडाच्या नावाखाली कोणता नमुना कुठून घेतला ते दिलेलं असतं. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात विचारून बघावं.

मोबाइलवर कसं बघायचं?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २०२२ साली 'इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर नमुन्यांचे फोटो दिसतात, शुल्क नाही. जगभरच्या नोंदी एकत्र बघायच्या तर 'जीबीआयएफ' नावाची जागतिक व्यवस्था आहे. तिथंही पैसे लागत नाहीत.

शास्त्रीय नाव इंग्रजी अक्षरांत टाकायचं. देश भारत निवडायचा. जीबीआयएफवर नोंदींचा प्रकार विचारतात, त्यात 'प्रिझर्व्ह्ड स्पेसिमेन' निवडलं की फक्त कपाटातले नमुने दिसतात. नाहीतर हौशी लोकांनी मोबाइलवर काढलेले फोटोही त्यात मिसळतात. तेही उपयोगी असतात, पण दोन्ही वेगळे समजावेत.

नकाशावरचा ठिपका बघून मात्र फसू नये. जुन्या नमुन्यावर अक्षांश-रेखांश नसतात. चिठ्ठीवर फक्त 'रत्नागिरी' असेल तर संगणकात चढवताना ठिपका जिल्ह्याच्या मध्यावर किंवा शहरावर टाकलेला असू शकतो. समुद्राच्या वाळूतलं झाड सह्याद्रीच्या पायथ्याशी दिसलं तर झाड चालत गेलेलं नसतं, ठिपका चुकलेला असतो. ठिपका सोडून चिठ्ठीचा फोटो मोठा करून वाचावा.

आपण नमुना करायचा तर?

शंभर वर्षांनी कुणी आपल्या गावचा कागद शोधेल, तो आज आपण करू शकतो. खर्च जवळजवळ नाही. मात्र पद्धत सांभाळावी.

आधी जागा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालापासून आहे. अभयारण्यात किंवा वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय काही तोडू नये. खासगी जागा असेल तर मालकाला विचारावं. झाडं मोजकीच असतील तर एकही उपटू नये, फोटो घ्यावा.

वेळ पावसाळा संपता संपता, तुऱ्यात दाणा धरलेला असताना. दाण्याशिवाय लव्हाळ्याची जात ठरत नाही, कोवळं झाड आणून उपयोग नाही. भरपूर झाडं असतील तिथून एकच घ्यावं, पण वाळूतल्या आडव्या खोडाच्या तुकड्यासकट. उपटण्याआधी तीन फोटो घ्यावेत, एक जागेचा, एक अख्ख्या झाडाचा, एक तुऱ्याचा जवळून.

वाळू झटकून झाड जुन्या वर्तमानपत्रात पसरावं. लांब असेल तर इंग्रजी 'व्ही' किंवा 'एन' सारखं दुमडावं, तोडू नये. वर-खाली पुठ्ठा आणि त्यावर पाटा किंवा दगड. कोकणातली हवा दमट, म्हणून पहिले आठ दिवस रोज कागद बदलावा, नाहीतर बुरशी लागते. उन्हात टाकू नये.

चिठ्ठी तिथल्या तिथं लिहावी, पेन्सिलीनं. शाई ओली झाली की पसरते. वर दिलेल्या सातही गोष्टी लिहाव्यात आणि आज मोबाइल आहे, तर नकाशात बोट दाबून धरून येणारे अक्षांश-रेखांशही उतरवावेत. झाडाला आणि वहीतल्या नोंदीला एकच क्रमांक द्यावा. गावात या झाडाला काय म्हणतात ते जरूर लिहावं. शास्त्रीय नाव तज्ज्ञ देतील, पण गावातलं नाव गावच देऊ शकतं. वेगवेगळ्या वाड्यांत वेगळी नावं असतील तर सगळी लिहावीत.

हा नमुना जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्यावा. तिथून तो मोठ्या संग्रहात जाऊ शकतो. देताना विचारून घ्यावं की त्याला क्रमांक कोणता मिळेल. क्रमांक मिळाला की तो ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत चढवावा. कधी संग्रहालयात जुने कागद बघायचा योग आला तर हात लावू नये. कीड लागू नये म्हणून पूर्वी त्यांना पाऱ्याचं विषारी द्रावण लावत.

शाळेतल्या मुलांना हे काम सहज जमेल. दहावीच्या मुलामुलींनी एका हंगामात आपल्या पुळणीवरची दहा झाडं अशी नोंदवली तरी पुष्कळ.

आज ती झाडं तिथं आहेत तोवरच हे होण्यासारखं आहे. पुळण एकदा सपाट झाल्यावर नमुना कुठून आणणार? आणि लिहिताना ठिकाणाच्या जागी 'सिंधुदुर्ग, कोकण, वगैरे' लिहू नये. गावाचं नाव लिहावं, वाडीचं लिहावं आणि तारीख घालावी.